बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांत : एका प्रवासाची आखणी

एखाद्या प्रदेशाची वाइन चाखण्यासाठी मुद्दाम प्रवासाला निघायचे, ही कल्पना आपल्यापैकी पुष्कळांना चैनीची वाटेल. काहींना ती गैरही वाटेल. मुंबई प्रांताने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला; त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला तसे वाटले तर त्यात नवल नाही. तेव्हा आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. वाइन चाखणे वेगळे आणि पिणे वेगळे. जाणकार माणूस घोटभर वाइन तोंडात घेतो, घोळवतो, तिचा वास आणि चव मनात टिपून घेतो आणि शेजारी ठेवलेल्या भांड्यात चूळ टाकावी तशी ती टाकून देतो. तिथल्या तळघरांतून हा रीतसर शिष्टाचार आहे, त्यात कुणी अपमान मानीत नाही.

आता हल्ली नाशिकच्या आसपासही असे प्रवासी येऊ लागले आहेत. पण ज्या मुलखात ही विद्या शतकानुशतके चालत आली, तो पूर्व फ्रान्समधला बर्गंडी प्रांत आज आपण डोळ्यांपुढे आणू. दीजों या शहरापासून दक्षिणेकडे सांतने गावापर्यंत सुमारे 50 किलोमीटर लांबीचा एक उतार आहे. टेकड्यांची बुटकी रांग, तिच्या पूर्वेकडच्या अंगावर द्राक्षवेली आणि खाली सपाट शेते. या उतारावरच्या जमिनीचे 1247 तुकडे नावानिशी ओळखले जातात. तिथे अशा तुकड्याला ‘क्लीमा’ म्हणतात. आपल्याकडे जशी वावरांना नावे असतात, वडाचे वावर, पांदीकडचे वावर, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की तिथे वावराचे नाव बाटलीवर चढते आणि त्या नावाला बाजारात किंमत येते. युनेस्कोने 2015 साली या सगळ्या उताराचा जागतिक वारशात समावेश केला.

मग प्रवास आखायचा कसा? पुष्कळ लोक प्रसिद्ध बाटल्यांची यादी खिशात घालून निघतात आणि निराश होतात. सर्वांत नामांकित मळा रोमाने-कोंती. त्याचे क्षेत्र जेमतेम 1.8 हेक्टर, म्हणजे साडेचार एकरांच्या आतबाहेर. तिथली वाइन वाटसरूला कोण चाखू देणार? बुटका गडगा आणि एक दगडी क्रूस पाहून परतावे लागते. त्यापेक्षा एक प्रश्न बरोबर घेऊन निघावे, असे मी सुचवीन. तो प्रश्न असा: या वाइनचे मोठेपण मातीचे, की माणसाचे? तिथला शेतकरी छातीवर हात ठेवून सांगेल, मातीचे. उलट रोजे दियों या फ्रेंच भूगोलज्ञाने 1959 साली फ्रान्समधल्या द्राक्षशेतीचा मोठा इतिहास लिहिला आणि त्यात सांगितले, की चांगला मळा घडतो तो माणसाच्या कष्टांनी, जवळच्या बाजारपेठेमुळे आणि मालकाच्या ऐपतीमुळे. हा वाद मनात ठेवला, म्हणजे प्रत्येक मुक्काम आपोआप बोलू लागतो.

पहिला मुक्काम दीजों. पॅरिसहून आगगाडीने दोन तासांच्या आत तिथे पोचता येते. बर्गंडीच्या ड्यूकांचा वाडा याच शहरात. त्यांच्यापैकी फिलिप द बोल्ड याने 1395 साली एक हुकूम काढला: गामे जातीच्या द्राक्षाच्या वेली उपटून टाका. गामेचे पीक भरघोस येते. पिनो जातीचे बेताचे, पण त्याची वाइन नाजूक आणि सरस. हुकुमात गामेला चक्क बेइमान म्हटले आहे, आणि मळ्यांना शेणखत घालायलाही मनाई केली आहे. ड्यूकाच्या बाजूने पाहिले तर हुकूम बरोबर होता, कारण बर्गंडीची वाइन हे त्याच्या दरबाराचे भूषण होते. पण गरिबाच्या अंगणातून पाहा. 1348 च्या महामारीने माणसे मेलेली, मजूर मिळेना. कमी राबणुकीत जास्त पीक देणारी वेल त्याने का उपटावी? आणि लोकांनी हुकूम एका दमात मानलाही नाही. ड्यूकाच्या नातवाला, फिलिप द गुडला, 1441 साली पुन्हा बंधने घालावी लागली. आज त्या उतारावरची तांबडी वाइन पिनो न्वारची आहे आणि पांढरी शार्दोनेची. तेव्हा पिनोचा पहिला घोट घेताना हे ध्यानात असावे, की ती चव निसर्गाइतकीच राजाज्ञेनेही ठरली आहे.

दुसरा दिवस क्लो द वूजोसाठी ठेवावा. सीतो येथे 1098 साली एक मठ स्थापन झाला. अंगमेहनत हीच उपासना मानणारे ते साधू. त्यांना बाराव्या शतकापासून वूजोच्या उतारावर जमिनी दान मिळत गेल्या, काही त्यांनी विकत घेतल्या, आणि 1336 च्या सुमारास सुमारे 50 हेक्टरांच्या सलग मळ्याला भिंतीचे कुंपण पुरे झाले. साधूंनी म्हणे माती जिभेवर ठेवून तिची पारख केली! ही आख्यायिका तिथे हमखास ऐकायला मिळते. ऐकावी, मान डोलवावी आणि पुढे जावे. मातीची चव कुणी घेतली असो वा नसो, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राबून, कुठले पीक आधी पिकते, पाणी कुठे साचते, हे पाहणारी माणसे मठात होती आणि लिहून ठेवण्याची सवयही होती. त्यांतले पुष्कळसे कष्ट अशिक्षित सेवक-बंधूंचे होते. त्यांची नावे कुठल्याच बाटलीवर नाहीत. आतल्या जुन्या इमारतीत रस काढण्याचे प्रचंड लाकडी चरक आहेत, ते मात्र आवर्जून पाहावेत.

पुढची गोष्ट आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता जप्त होऊन विकली गेली. तरी मळा अखंड राहिला, तो 1889 पर्यंत. त्या साली तो अनेकांत विकला गेला, आणि नेपोलियनच्या 1804 च्या कायद्याप्रमाणे सर्व मुलांना सारखा वाटा मिळत असल्याने पुढे वाटण्यांवर वाटण्या झाल्या. आज त्या एका भिंतीच्या आत सुमारे 80 मालक आहेत! आपल्याकडे 1947 साली तुकडेबंदीचा कायदा करावा लागला, तो याच दुखण्यावर. तिथे मात्र तुकडा लहान झाला तरी नावाने त्याला तारले. येथे चाखण्याची युक्ती अशी: एकाच साली, याच मळ्याच्या नावाने, दोन निरनिराळ्या मालकांनी केलेली वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखावी. शक्यतो एकाचा तुकडा वरच्या अंगाचा असावा, दुसऱ्याचा खालच्या, पाणथळ अंगाचा. नाव एक, चवी दोन. माती की माणूस, या प्रश्नाची परीक्षा पाहायला याहून चांगली जागा नाही.

तिसरा मुक्काम बोन. तटबंदीच्या या गावात निकोला रोलें आणि त्याची पत्नी गिगोन द सालें यांनी 1443 साली गोरगरिबांसाठी रुग्णालय बांधायला घेतले. रंगीत कौलांच्या त्या इमारतीत 1971 पर्यंत रोगी होते. खर्च भागायचा कसा? लोकांनी द्राक्षमळे दान दिले. आपल्याकडील देवस्थानच्या इनामांसारखीच ही व्यवस्था. या मळ्यांच्या वाइनचा लिलाव 1859 पासून चालत आला आहे. तो नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी होतो. त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा स्वस्थपणे पाहायचे असेल तर ती तारीख टाळावी.

मग जावे केव्हा? याचे उत्तरही बोनच्या जुन्या दप्तरांत आहे. द्राक्षतोडीच्या मजुरांना मजुरी केव्हा दिली, याच्या नोंदी आणि नगरसभेची कागदपत्रे जुळवून संशोधकांनी 1354 ते 2018 पर्यंतच्या तोडणीच्या तारखा लावल्या. 1354 पासून 1987 पर्यंत तोडणी सरासरीने 28 सप्टेंबरला सुरू होत असे. 1988 नंतर ती 13 दिवस अलीकडे आली. 2003 साली तर ऑगस्टातच सुरू झाली. मजुरीच्या हिशेबातून हवामानाचा इतिहास निघावा, ही केवढी गोष्ट! प्रवाशाने यातून इतके घ्यावे, की जुन्या पुस्तकांतील सुगीच्या तारखांवर विसंबू नये. तोडणीच्या दिवसांत शेतकऱ्याला पाहुण्यांसाठी सवड नसते. मे-जून हे महिने बरे. दिवस मोठे, वेली हिरव्या, गर्दी बेताची.

शेवटचा दिवस गावांसाठी. बोनपासून सांतनेपर्यंत मळ्यांतून सायकलची वाट आहे, आणि चाखायचे असेल तर मोटार हाकण्यापेक्षा ती शहाणपणाची. पोमार, व्होलने, मर्सो अशी गावे वाटेत लागतात. लहान शेतकऱ्याकडे आधी पत्र पाठवून वेळ ठरवावी, दिवसात दोनच तळघरे पाहावीत, आणि साध्या गाववाइनपासून सुरुवात करून वरच्या प्रतीकडे जावे. गावांच्या नावांतही गंमत आहे. जव्रे गावाने 1847 साली आपल्या नामांकित मळ्याचे नाव स्वतःला जोडून घेतले आणि ते जव्रे-शांबेर्तां झाले. थोरल्या भावाच्या नावावर धाकट्याने उधारी मिळवावी, तसे!

मर्सोला मात्र जरा थांबावे. वेलीची मुळे शोषणारी फायलोक्सेरा नावाची अमेरिकन कीड कोत-दोर जिल्ह्यात 1878 साली प्रथम इथे आढळली. तिने जुने मळे साफ बुडवले. अखेर उपाय सापडला तो कलमाचा: खुंट अमेरिकन वेलीचा, वर डोळा फ्रेंच वेलीचा. म्हणजे ज्या मातीचा एवढा अभिमान, तिच्यात आज रुजलेली मुळे परदेशची आहेत. आपल्या महाराष्ट्रातल्या द्राक्षबागाईतदारांनी पाण्याच्या टंचाईमुळे आणि खारवट जमिनीमुळे डॉगरिज खुंटावर कलमे केली. त्या खुंटाचे मूळही अमेरिकेतलेच. बोनचा शेतकरी आणि तासगावचा शेतकरी एकमेकांना ओळखत नसतील, पण त्यांच्या वेलींची मुळे एकाच खंडातली आहेत.

माती की माणूस, याचा निकाल चार दिवसांत लागणार नाही. विद्वानांचाही लागलेला नाही. माझे मत विचाराल तर मातीने फक्त शक्यता दिली. ती ओळखणारे साधू, हुकूम काढणारे ड्यूक, मळे दान देणारे गृहस्थ आणि पाठ वाकवून छाटणी करणारे मजूर, यांच्यावाचून तो उतार म्हणजे नुसती खडकाळ टेकडी राहिली असती. बाटलीवर वावराचे नाव असते, राबणाऱ्याचे नसते. जो प्रवासी ते न लिहिलेले नावही मनात धरून घोट घेईल, त्याचा प्रवास सार्थकी लागला म्हणायचा. मग तो घोट त्याने गिळला काय आणि टाकून दिला काय.