मिसळीच्या बाकड्यावर

"नाशिकला येतोय, मिसळ कुठे खाऊ?" हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. म्हणून एकदाचं उत्तर देऊन टाकतो. काळा रस्सा आवडत असेल तर पंचवटी कारंजावर अंबिका. सातपूरच्या बाजूला असाल तर श्यामसुंदर. गावातली जुनी चव हवी तर भगवंतराव. चुलीवरची म्हणून साधना, पण रविवारी नंबर लावून ताटकळत बसायची तयारी ठेवा. तिखटाची भीती असेल तर मेनरोडवर सायंतारचा साबुदाणा वडा खा, आणि कुठेही काहीही खाल्लं तरी वर बुधा हलवाईची जिलेबी हवीच. झाली यादी. यावर भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडावं, नाशिककरांना मिसळीवरून भांडण्यात मिसळीइतकीच मजा येते.

मला मात्र अलीकडे वेगळाच प्रश्न पडतो. अशा ठिकाणी आपण लाकडी नाहीतर लोखंडी बाकड्यावर बसतो. शेजारी कोण आहे ते ठाऊक नसतं. त्याच्या ताटलीतला कांदा आपल्या ताटलीला लागतो, पाण्याचा जग एकच, रश्श्याची बादली घेऊन फिरणारा पोरगा एकाच पळीने सगळ्यांना वाढतो. नाशिकसारख्या क्षेत्राच्या गावात हे कधीपासून चालायला लागलं? गोदाकाठी सोवळंओवळं इतकं कडक होतं की माझ्या आजीच्या तोंडी "हाटेलातलं" हा शब्द शिवीसारखा यायचा. ("हाटेलातलं खाऊन आलास होय?" यातला 'होय' ज्यांनी ऐकलाय त्यांनाच कळेल. आत्या हे वाचून हसत असणार.)

नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की नाशिकच्या खाण्याचे दोन भाग पडतात : कोरडं आणि ओलं.

आधी कोरडं. नाशिकची ख्याती आधी चिवड्याची. कोंडाजी, माधवजी ही नावं मिसळीच्या कितीतरी आधी बाहेरगावच्या घरांत पोहोचलेली. चिवडाच का? जुन्या काळचा यात्रेकरू डोळ्यांसमोर आणा. तो नाशकात उतरायचा तो आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायाच्या वाड्यात. उपाध्ये वहीत नाव शोधून काढत, पणजोबाची सही दाखवत आणि जेवणाची सोय करत. जातीबाहेरच्या हातचं शिजवलेलं अन्न चालत नसे. पण सगळंच बाटत नसे! पाण्यात शिजलेलं ते खरकटं : भात, वरण, भाकरी. तळलेलं, भाजलेलं, लाह्या, चुरमुरे, पेढे यांना बरीच सवलत असे. प्रवासात न्यायच्या दशम्या पाण्याऐवजी दुधात भिजवायच्या त्या याचसाठी. टिकायच्याही आणि खरकट्यात मोडायच्या नाहीत. चिवडा या हिशेबात चपखल बसतो. तळलेला, कोरडा, पंधरा दिवस टिकणारा, पुडीत बांधून देता येणारा. तो कोणाच्या शेजारी बसून खावा लागत नाही. दुकानदाराला गिऱ्हाइकाची जात विचारायची गरज नाही, गिऱ्हाइकाला दुकानदाराची. पुडी घ्या, घरी जा. आमची आजी हाटेलाला शिवत नसे, पण चिवडा तिला बिनतक्रार चालायचा. त्यात कांदा असतो हे ती सोयीस्कर विसरायची.

ओल्याची गोष्ट निराळी. रस्सा पुडीत बांधून नेता येत नव्हता. तो बसूनच खावा लागतो, दुसऱ्याच्या भांड्यात, दुसऱ्याच्या हातचं पाणी पिऊन. म्हणजे नेमकं ज्याला मनाई तेच. आज हे सांगितलं तर माझ्या मुलीला खरं वाटत नाही, म्हणून तिला पंचहौद मिशनच्या चहाची गोष्ट सांगतो. साल १८९०, गाव पुणे. मिशनऱ्यांनी सभेला बोलावलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप हातात धरून ठेवून दिला. नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताचा घोळ पुढे दीड-दोन वर्षं चालू राहिला. एका कपभर चहासाठी! आणि ही तर वरच्या जातींतली गोष्ट. खालच्या म्हणून ढकललेल्यांना मुळात कपच मिळत नव्हता. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. राजाला रोजच्या चहाची राजनीती करावी लागली, यावरून भिंत किती जाड असेल ते ओळखा.

नाशकात ती भिंत सगळ्यांना दिसली ती २ मार्च १९३० ला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांकडे होती. पाचेक वर्षं लढा चालला आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हा इतिहास आपण देवळाचा म्हणून शिकतो. पण ज्या गावात देवाच्या दारात उभं राहू देत नव्हते, त्या गावात फरसाणवाल्याच्या बाकड्यावर काय होत असेल? पुढे १९५० ला राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख आहे, तिथे जातीवरून कोणाला अडवता येणार नाही म्हणून. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात तर अडवणं हा गुन्हा ठरला. घटनेत हॉटेल कशाला आलं, असं मला शाळेत वाटायचं. आता वाटत नाही.

पण नुसत्या कायद्याने कोणी कोणाच्या शेजारी बसत नाही. माझ्या मते नाशकात लोकांना शेजारी बसवलं ते गाड्यांनी आणि भोंग्यांनी. स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, म्हणून १८८९ पासून नाशिकरोड ते मेनरोड घोड्यांची ट्राम धावायची, ती १९३० नंतर लवकरच बंद पडली. फलाटावर त्या काळी देशभर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं असे, पण डब्यातलं बाकडं मात्र एकच. मग १९२५ च्या सुमारास नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आला, १९२८ ला नोटांचा छापखाना. स्वातंत्र्यानंतर १९६४ ला ओझरला एचएएल, सातपूरला एमआयडीसी, मग मायको. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेच्या वर कामगार असतील तिथे कॅन्टीन सक्तीचं होऊ शकलं. खानदेशातून, कोकणातून, पार उत्तरेतून माणसं आली. पाळी सकाळी सातला, डबा करून द्यायला घरी कोणी नाही. अशा माणसाला काय हवं? पाच मिनिटांत मिळणारं, पोटाला आधार देणारं, स्वस्त, तिखट. मोड आलेली मटकी स्वस्त, पाव स्वस्त, आणि रस्सा मागाल तितका. भूक लागलेल्या माणसाला पळी कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही.

आमचे आजोबा प्रेसमध्ये होते. त्यांनी आयुष्यभर बाहेर मिसळ खाल्ली आणि घरी कधी सांगितलं नाही. आजीला सगळं माहीत होतं, कारण धोतरावर तर्रीचे डाग पडायचे आणि धुवायला तीच असायची. दोघांनीही शेवटपर्यंत विषय काढला नाही. अशा न काढलेल्या विषयांवर किती घरं चालली असतील कोण जाणे.

यात पावाची गंमत वेगळीच. पाव हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला. वसईकडे विहिरीत पाव टाकून गावच्या गाव बाटवल्याच्या कथा घरोघरी सांगितल्या जात. पुढे महाराष्ट्रात बेकरीचा धंदा वाढला तो गोव्याच्या ख्रिस्त्यांच्या, इराण्यांच्या आणि मुसलमानांच्या हातांनी. म्हणजे मिसळीची एक प्लेट घेतलीत की त्यात कोणाकोणाचे हात लागलेले असतात ते मोजा. आणि बघा, त्या प्लेटमध्ये शेव-चिवडा असतोच. ज्या कोरड्या चिवड्याने इतकी वर्षं शेजार टाळायची सोय केली, तोच रश्श्यात जाऊन पडला. पुणेकर मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी घालतात, कोल्हापूरकर लालभडक कटाबरोबर स्लाइस देतात; आमच्याकडे कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजून केलेला मसाला, सोबत पापड आणि कुठे कुठे दही. चव कोणाची भारी ते मी वर सांगून बसलोय.

हे सगळं बघायचं तर जुन्या नाशकात पायी फिरा. मेनरोडवरून दहीपूल, सराफ बाजार, मग भद्रकाली, दूध बाजार, चौक मंडई. आळ्यांची नावं ऐका : तांबट आळी, काझीपुरा, कोकणीपुरा, बागवानपुरा, पिंजारघाट. मोगलाईत या गावाला गुलशनाबाद म्हणत, ती खूण या नावांत अजून आहे. वीस मिनिटांच्या चालण्यात उपासाचा वडा आहे, जिलेबी आहे, आणि रमजानच्या दिवसांत संध्याकाळी चौक मंडईकडे वळलात तर कबाबाचा धूर. माझे कित्येक मित्र मेनरोडपर्यंत येतात आणि भद्रकालीपाशी वळून परत जातात. का ते विचारलं तर "तिकडे गर्दी फार असते" म्हणतात. मेनरोडला काय कमी असते?

म्हणून बाकड्याने जात संपवली वगैरे मी म्हणणार नाही. बाकड्यावर शेजारी बसलेला माणूस घर भाड्याने मागायला आला की आडनाव विचारलं जातंच. आणि बायकांचं तर मी अजून बोललोच नाही. आमच्या आईने बाहेर पहिली मिसळ खाल्ली ती लग्नानंतर, पडद्यामागच्या 'फॅमिली रूम'मध्ये, आणि तिला तिथे गुदमरायला झालं असं ती अजून सांगते. आता सकाळी कॉलेज रोडला मुलींचे घोळके मिसळ हाणताना दिसतात, दुसरा रस्सा मागवून घेताना लाजत नाहीत. ते बघून आई खूश होते आणि "जरा हळू खा गं" असंही पुटपुटते.

पंचवटी कारंजापासून काळाराम मंदिर चालत दहा मिनिटांवरही नाही. रविवारी सकाळी तिथल्या मिसळीच्या टेबलाशी दर्शन करून आलेली मंडळी असतात, रात्रपाळी संपवून आलेले असतात, भाजीवाले असतात, बाहेरगावचे माझ्यासारखे चौकस असतात. जागा झाली की पोऱ्या सांगेल तिथे बसायचं, शेजार निवडायची सोय नाही.

गंगापूर रोडच्या पुढे आणि मखमलाबादकडे मात्र गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या मिसळी निघाल्यात. झाडं, झोपाळे, गाड्या लावायला जागा, प्रत्येक कुटुंबाला वेगळं टेबल. पोरं खेळतात, आपण निवांत बसतो, मलाही आवडतं. आणि ज्यांना तेवढंही जायचा कंटाळा आहे ते घरी मागवतात. परवा आमच्याकडे पार्सल आलं. रस्सा वेगळ्या डब्यात, मटकी वेगळी, शेव-चिवडा कोरडा राहावा म्हणून वेगळ्या पिशवीत, वर गाठ मारून.