मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी आणि अभिधम्म

काही वर्षांपूर्वी मानसशास्त्रातील एम.ए.च्या प्रबंधिकेची तयारी करणारी एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली होती. पाली साहित्यातील मनाचे विश्लेषण हा तिचा विषय. तिच्या टिपणवहीत पाच स्कंधांची नावे होती व प्रत्येकापुढे मराठी अर्थ लिहिलेला होता. वेदना म्हणजे दुखणे, संस्कार म्हणजे चांगले वळण, विज्ञान म्हणजे शास्त्रीय ज्ञान. यात तिचा दोष नव्हता. मराठीत या शब्दांचे अर्थ तेच आहेत. परंतु पालीत वेदना सुखाचीही असते, दुःखाचीही असते आणि सुखदुःखविरहितही असते. आणि विञ्ञाण म्हणजे प्रयोगशाळेतले विज्ञान नव्हे, तर डोळा, कान, नाक, जीभ, काया व मन या सहा द्वारांशी उत्पन्न होणारी जाणीव होय. शब्द ओळखीचे आहेत म्हणूनच मराठी वाचक अधिक फसतो. इंग्रज वाचकाला निदान आपल्याला अर्थ ठाऊक नाही एवढे तरी ठाऊक असते.

ही अडचण सव्वाशे वर्षांपूर्वी मानसशास्त्राच्याच एका विद्यार्थिनीने फार गंभीरपणे हाताळली होती. पाली टेक्स्ट सोसायटीच्या ग्रंथांवर श्रीमती ऱ्हीस डेव्हिड्स हे नाव आमच्या वाचकांनी अनेकदा पाहिले असेल. पतीच्या विद्वत्तेच्या सावलीत वाढलेली बाई अशी त्यांच्याविषयी काहींची समजूत असते. ती चुकीची आहे.

कॅरोलाइन फोली यांचा जन्म 1857 साली इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून त्या 1886 साली बी.ए. व 1889 साली एम.ए. झाल्या. अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान व मानसशास्त्र हे त्यांचे विषय. त्यांचे गुरू जॉर्ज क्रूम रॉबर्टसन हे 1876 साली निघालेल्या 'माइंड' या नियतकालिकाचे पहिले संपादक. तो काळ मानसशास्त्राच्या जन्माचा होता. वुंट यांनी लाइपझिग येथे प्रयोगशाळा उघडली 1879 साली. विल्यम जेम्स यांचा मोठा ग्रंथ आला 1890 साली. इंग्लंडात मात्र हा विषय अद्याप तत्त्वज्ञानाच्या वर्गातच शिकवला जाई. भारतीय विचाराकडे ओढा असलेल्या या शिष्येला रॉबर्टसन यांनीच त्याच महाविद्यालयातील पालीचे प्राध्यापक टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांच्याकडे पाठविले. 1894 साली त्या दोघांचा विवाह झाला. रॉबर्टसन 1892 मध्येच वारले होते. त्यांची मानसशास्त्रावरील व्याख्याने संपादित करून बाईंनी 1896 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हे सांगण्याचे कारण असे की, धम्मसंगणीला हात घालणारी व्यक्ती आधी मानसशास्त्राची अभ्यासक होती व नंतर पालीची.

धम्मसंगणी हा अभिधम्मपिटकाच्या सात ग्रंथांपैकी पहिला. एडवर्ड म्यूलर यांनी त्याची पाली संहिता 1885 साली प्रसिद्ध केली होती, तरी तिच्याकडे फारसे कोणी वळत नव्हते. याद्याच याद्या. एका कुशल चित्तात कोणते धम्म उपस्थित असतात, या एका प्रश्नाच्या उत्तरात फस्स, वेदना, सञ्ञा, चेतना, चित्त अशी सुरुवात होऊन छप्पन्न नावे येतात आणि मग प्रत्येकाची व्याख्या. भाषाशास्त्रज्ञाला यात रस वाटणे कठीण. मनाच्या क्रियांचे वर्गीकरण कसे करावे हे शिकून आलेल्या बाईंना मात्र तो मानसशास्त्राचा पाठ्यग्रंथ दिसला. 1900 साली त्यांचा अनुवाद प्रसिद्ध झाला तो 'बौद्ध मानसशास्त्रीय नीतीची पुस्तिका' अशा अर्थाच्या नावाने. मानसशास्त्र आणि नीती हे दोन्ही शब्द त्यांनी एकत्र घातले, हे आम्हांला त्या नावातले सर्वांत मोलाचे वाटते. चित्त आधी कुशल की अकुशल हे विचारल्याशिवाय अभिधम्म पुढे जातच नाही.

त्यांचे सर्वच शब्द अचूक होते असे नाही. चेतना या शब्दासाठी त्यांनी तेव्हा 'विचार करणे' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द योजला. दहा वर्षांनी, 1910 साली, ब्रह्मदेशातील श्वे झान आंग यांनी केलेला अभिधम्मत्थसंगहाचा अनुवाद बाईंच्या संपादनाखाली निघाला. त्यात चेतना म्हणजे इच्छाशक्ती, कर्म करण्याचा संकल्प, असा अर्थ स्वीकारलेला आहे. फरक लहान नाही. भगवंतांनी चेतनेलाच कम्म म्हटले आहे. चेतना म्हणजे नुसता विचार असेल तर कम्म हवेत राहते. आणि मराठीतल्याप्रमाणे चेतना म्हणजे जिवंतपणा असे मानले तर कम्माला अर्थच उरत नाही. चेतना म्हणजे संकल्प म्हटले की माणसाची योग्यता त्याच्या कृतीमागील हेतूवर ठरते, तो कोणाच्या पोटी जन्मला यावर नव्हे. कर्मसिद्धान्ताच्या नावाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जन्माची शिक्षा सुनावली गेली, त्यांच्या दृष्टीने हा केवळ कोशकारांचा वाद नाही.

ही दुरुस्ती झाली ती जिवंत परंपरेशी पत्रव्यवहार ठेवल्यामुळे. बाई प्रश्न विचारीत, ब्रह्मदेशातील विद्वान उत्तरे देत. लेदी सयाडो या थोर भिक्खूंनी त्यांच्या प्रश्नांना पालीतच उत्तरे लिहिली आणि प्रश्नकर्तीला 'लंडनची पालिदेवी' असे संबोधले. त्या काळी एका वसाहतीतील भिक्खू आणि राज्यकर्त्यांच्या राजधानीतील एक स्त्री यांच्यात पाली ही समान भाषा असावी, ही गोष्ट मनाला सुखावते.

या परंपरेतील मनोविश्लेषण किती प्रत्ययकारी असू शकते, याचा नमुना म्हणून अट्ठसालिनीतील आंब्याची उपमा पाहावी. एक मनुष्य डोक्यावरून पांघरूण घेऊन आंब्याच्या झाडाखाली झोपला आहे. एक पिकलेले फळ जवळ पडते. आवाजाने तो जागा होतो, डोळे उघडून पाहतो, फळ उचलतो, दाबून पाहतो, वास घेतो, खातो, गिळतो आणि पुन्हा झोपी जातो. झोप म्हणजे भवंग; जागे होणे म्हणजे आवज्जन; पाहणे म्हणजे चक्खुविञ्ञाण; उचलणे, दाबणे व हुंगणे या अनुक्रमे सम्पटिच्छन, सन्तीरण व वोट्ठपन या अवस्था. फळ खाणे म्हणजे जवन. चित्त कुशल किंवा अकुशल होते ते या जवनाच्या टप्प्यावर. रूप दिसणे हा कोणाचा अपराध नाही. उपमेत आंबा खाणारा एक मनुष्य आहे, पण ती ज्या प्रक्रियेसाठी दिली आहे तिच्यात 'खाणारा' असा निराळा कोणी नाही. क्रिया आहेत, त्यांचा क्रम आहे.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. लाइपझिगच्या प्रयोगशाळेत प्रतिक्रियेचा काळ मोजला जात होता. अट्ठसालिनीत काहीही मोजलेले नाही. आधुनिक शास्त्रात जे जे आहे ते सर्व आमच्या ग्रंथांत आधीच होते, ही वैदिकांची जुनी खोड बौद्धांनी उचलू नये. बाईंनी 1914 साली 'बुद्धिस्ट सायकॉलॉजी' हा ग्रंथ लिहिला.

त्यानंतरची कथा दुःखद आहे. त्यांचा मुलगा आर्थर महायुद्धात वैमानिक होता. ऑक्टोबर 1917 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो मारला गेला. बाई परलोकविद्येकडे वळल्या. 1922 साली पती निवर्तले आणि 1923 पासून 1942 साली मृत्यू येईपर्यंत त्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. याच काळात त्यांनी असे प्रतिपादन सुरू केले की, अनात्मवाद ही बुद्धांची मूळ शिकवण नसून ती पुढील भिक्खूंनी घातलेली भर आहे. 1931 सालच्या 'साक्य' या ग्रंथात हे मत विस्ताराने येते. ज्या अभिधम्माचे दार त्यांनी पश्चिमेला उघडून दिले, त्याच अभिधम्माला त्या अधःपतन मानू लागल्या. पुत्रशोक झालेल्या मातेविषयी कठोर शब्द लिहिणे आमच्याने होत नाही. पण संहितेचा पुरावा त्यांच्या बाजूने नाही, हेही नमूद केले पाहिजे. बाबासाहेबांनी 1957 साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' मध्ये आत्म्यावरील श्रद्धेला अधम्म ठरविले आणि मनाला केंद्रस्थान दिले, ते या सर्व वादानंतरच्या काळात.

आपल्या देशात मानसशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन कलकत्ता विद्यापीठात 1916 साली सुरू झाले. विभागाचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हार्वर्डला शिकून आले होते. त्याच हार्वर्डमध्ये आपले धर्मानंद कोसंबी 1910 पासून विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम करीत होते. कोसंबींनी 1941 साली अभिधम्मत्थसंगहावर सोप्या पालीत नवनीतटीका लिहिली. त्यांचे शिष्य पु. वि. बापट यांनी हार्वर्डला विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांच्या तुलनेवर 1932 साली डॉक्टरेट मिळविली आणि रा. द. वाडेकर यांच्यासह पुण्याहून 1940 साली धम्मसंगणी व 1942 साली अट्ठसालिनी देवनागरीत छापली. पुणे विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग निघाला 1950 साली. दोन्ही कामे एकाच शहरात झाली. मात्र आमच्या हाती आलेल्या अट्ठसालिनीच्या एका ग्रंथालयीन प्रतीची निम्मी पाने कधी कापलीच गेली नव्हती.

आज मानसशास्त्राच्या प्रबंधांत 'माइंडफुलनेस' हा शब्द पदोपदी येतो. 1979 पासून जॉन कबात-झिन यांच्यामुळे तो रुग्णालयांत पोहोचला. सम्मासतीतील सतीसाठी तो शब्द टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी 1881 साली योजला होता, हे किती संशोधकांना ठाऊक असते? सती म्हणजे काय, ती सम्मा केव्हा होते, अट्ठंगिक मार्गाच्या इतर अंगांशी तिचा संबंध कोणता, हे प्रश्न त्या प्रबंधांत क्वचितच दिसतात.

आमच्याकडे आलेल्या विद्यार्थिनीला आम्ही अर्थांची यादी दिली नाही. बाबासाहेबांनी तयार केलेला पाली शब्दकोश त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात 1998 साली छापला गेला आहे. तो तिच्यापुढे ठेवला आणि बापट-वाडेकरांची धम्मसंगणी उघडून दिली. पुढील सहा महिने ती दर रविवारी विहारात येत असे. प्रबंधिकेच्या शेवटच्या मसुद्यात तिने वेदना, सञ्ञा, चेतना, विञ्ञाण हे शब्द पालीतच ठेवले होते आणि आंब्याच्या उपमेवर अकरा पाने लिहिली होती.