संभाषणकौशल्याचे मूल्यमापन (द्वितीय भाषा)

द्वितीय भाषा शिकणाऱ्याला त्या भाषेत संवाद कितपत साधतो, हे ठरवण्याच्या पद्धती. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेने तोंडी मुलाखत आणि ० ते ५ अशी श्रेणी रूढ केली. पण मुलाखत म्हणजे संभाषण नव्हे. तीत विषय परीक्षक निवडतो, प्रश्नही तोच विचारतो. उमेदवाराला विषय वळवण्याची संधी क्वचितच मिळते. भाषाशास्त्रज्ञ लिओ व्हॅन लिअर यांनी १९८९ मध्ये या उणिवेकडे लक्ष वेधले. ‘आयईएल्ट्स’ या इंग्रजीच्या परीक्षेतील ११ ते १४ मिनिटांची तोंडी परीक्षा ओघ, शब्दसंपदा, व्याकरण व उच्चार तपासते. समोरच्याचे बोलणे पुढे नेण्याला तीत स्वतंत्र निकष नाही. केंब्रिजच्या ‘बी-टू फर्स्ट’ या इंग्रजीच्या परीक्षेत मात्र दोन उमेदवार एकमेकांशी बोलतात आणि परस्परसंवादाला वेगळे गुण असतात. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असे विचारून गप्प जोडीदाराला बोलते करणे, हेही तेथे कौशल्य ठरते.

जोडीदार अबोल किंवा वरचढ निघाल्यास गुणांवर परिणाम होईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरचा उपाय जोडीने बोलणे वगळणे हा नाही. त्याला एकट्याने बोलण्याची जोड देणे व दोन परीक्षक नेमणे हा आहे, आणि केंब्रिजची रचना तशीच आहे. संभाषण दोघांनी मिळून घडते. ते जोखतानाही दुसरा माणूस हवाच.