घागरीवरचं नाव

आमच्या माणदेशात सोयरीक जमवायला आलेला पाहुणा चहा पिता पिता भांड्यांच्या फळीवर हळूच नजर टाकायचा. तांबं किती, पितळ किती, यावरून घराचा अंदाज यायचा. बँक तालुक्याला होती, पण आमच्यासारख्यांची ठेव त्या फळीवर असायची.

आजीनं लग्नात आणलेली पितळी घागर माझ्याकडं अजून आहे. गळ्याशी तिच्या बापाचं नाव कोरलेलं आहे. भांडं घ्यायचं तर आजी आधी बोटानं वाजवून बघायची, मग काठ चाचपायची, बुडाची जाडी बघायची. दुकानदाराच्या देखत पाणी भरून कोरड्या राखेवर ठेवायला लावायची. "राख भिजली तर भांडं तुझं, न्हाई भिजली तर माझं," म्हणायची.

पण नुसतं जाड भांडं घेऊन भागत नव्हतं. पितळेत ताक, आमटी ठेवली की कळकते, म्हणून आतून कल्हई लागायची. कल्हईवाला वर्षातून एक-दोनदा पारावर भट्टी मांडायचा. आम्ही पोरं भाता हलवायला धावायचो. तापल्या भांड्यात तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, नाकाला झोंबायचा. नवसागरानं धातूवरचा मळ सुटतो, तेव्हाच कथील धरतं. मग कथिलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवायचा. काळं पातेलं चांदीसारखं व्हायचं. पाण्यात बुडवल्यावर चर्रर्र आवाज आला की आईनं बाकीची भांडी पुढं सरकवलीच.

१९७२ साली पाऊस गेला. मी तेव्हा बारा वर्षांचा. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला, घरात लाल मिलोची भाकरी. एक दिवस वडिलांनी हंडा आणि दोन पराती पोत्यात घातल्या. मी बरोबर गेलो. दुकानदारानं पोचे बघून मोडीत तोलल्या. त्याच्यावरही नावं होती, पण तराजूला नाव वाचता येत नाही. त्या पैशात जनावरांना कडबा आला आणि बैल वाचले. घागर तेवढी राहिली, कारण पाणी आणायला काहीतरी हवंच होतं.

हंडा परत घेऊ म्हणता म्हणता वडील गेले. पुढं स्टील आलं. त्याला ना चिंच, ना राख, ना कल्हई. १९८८ साली उरलेली पातेली मीच मोडीत घालून स्टीलचा डबा-ताटांचा संच आणला. तेव्हा दुष्काळ नव्हता, हे मनाला अजून लागतं. पण खरं सांगायचं तर कल्हईवाला यायचा बंद झाला होता. स्टील आलं म्हणून तो थांबला आणि तो थांबला म्हणून उरल्यासुरल्यांनीही स्टील आणलं. दुरुस्त करणारा गेला की टिकाऊ वस्तूही टिकत नाही.

एकदा मी बायकोपुढं पितळेचं कौतुक करत होतो. ती म्हणाली, "टँकरवरनं भरलेली घागर तुम्ही कवा डोक्यावर घेतली व्हती? प्लास्टिकची आली तवा माझी मान सुटली." मी गप्प बसलो. जुन्याचं वजन कुणी उचललं, हेही लिहायला पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात घागर बुडाशी झिरपायला लागली. तालुक्याला विचारलं तर मोडीचाच भाव सांगितला. लेक पुण्यात आहे, म्हणून घागर एसटीनं घेऊन गेलो. पेशवाईपासून नावाजलेली कसब्यातली तांबट आळी विचारत गेलो. तिथं हातोड्याचा आवाज अजून आहे. एका म्हाताऱ्या कारागिरानं घागर वाजवली, काठ चाचपला, अगदी आजीसारखा. मग नावावरून बोट फिरवून विचारलं, "हे कोण?"

बावन्न वर्षांपूर्वीच्या त्या तराजूपाशी हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "आजीचा बाप."

त्यानं झाळ मारून दिली. घरी आल्यावर बायकोनंच घागर भरली आणि चुलीतली राख पसरून रात्रभर तिच्यावर ठेवली. सकाळी राख कोरडी होती.