रान राखणारा विस्तव

रानाला आग लावण्याची गोष्ट निघाली कीं आपणांस महाभारतांतील खांडववन आठवतें. त्या वनांतून बाहेर पडूं पाहणाऱ्या जीवांना कृष्णार्जुनांनीं वाट दिली नाहीं. मोजके जीव तेवढे वांचले. रानांतील अग्नि म्हणजे संहार, हा संस्कार आपल्या मनावर अशाच कथांनीं केला आहे. परंतु ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवाश्यांनीं हजारों वर्षें रान जाळलें तें रान राखण्यासाठीं, आणि जाळतांना किड्यामुंगीलाहि वाट मोकळी ठेविली.

मी ज्या पाठ्यपुस्तकांवरून इतिहास शिकलों व पुढें कित्येक वर्षें वर्गांत शिकविला, त्यांत या खंडाचा इतिहास कॅप्टन कुकच्या जहाजापासून सुरू होत असे. इ. स. १७७० मध्यें पूर्व किनाऱ्यानें उत्तरेकडे जातांना कुकला ठिकठिकाणीं धूर दिसला. त्यानें तो रोजनिशींत नोंदविलाहि. १७८८ मध्यें इंग्रजांची वसाहत झाली. विरळ झाडी व तिच्यामधलीं गवताळ मैदानें पाहून या नवागतांना आपल्या देशांतील उमरावांच्या उपवनांची आठवण होई. ही सारी शोभा निसर्गाची, असें त्यांनीं मानिलें. नांगर कोठें दिसत नाहीं, त्या अर्थी जमीन कोणाचीच नाहीं, असेंहि ठरविलें. तो धूर हीच त्या जमिनीची मशागत होती, हें बहुतेकांच्या ध्यानीं आलें नाहीं.

अपवाद होते. टॉमस मिचेल या सर्वेक्षण-अधिकाऱ्यानें १८४८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांत लिहिलें आहे कीं, मूलनिवाश्यांचें दरसालचें जाळणें बंद पडल्यामुळें सिडनीजवळ जेथें पूर्वीं घोडा भरधाव सोडतां येई, तेथें आतां कोवळ्या झाडांची दाटी झाली आहे. पुढें १९६९ मध्यें रीस जोन्स या पुरातत्त्वज्ञानें या व्यवसायाला ‘अग्निकाष्ठाची शेती’ असें नांव दिलें.

ही शेती निर्धोक कशी होते? पहिला प्रश्न आग कशी लावावी हा नसतो, तर कोणीं लावावी हा असतो. त्या भूमीशीं ज्यांचें नातें आहे, त्या कुळांतील वडीलधाऱ्यांच्या अनुज्ञेवांचून काडी ओढावयाची नाहीं. मग रान पायीं हिंडून पाहावयाचें: पवित्र स्थळें कोठें, पाणी कोठें, पोकळ जुनी झाडें कोणतीं. मोठ्या झाडांच्या बुंध्यांभोंवतींचा पालापाचोळा दूर सारतात. मुहूर्त पंचांगांत सांपडत नाहीं. गवत किती वाळलें, जमिनींत ओल किती, कोणतें झाड फुललें, वारा कोणत्या अंगानें वाहतो, यांवरून तो ठरतो. कोंकणांत राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला यांतील बरेंच ओळखीचें वाटेल.

सर्व गवतें एकाच वेळीं वाळत नाहींत, हें या विद्येचें मर्म आहे. जो तुकडा तयार झाला तेवढाच पेटवावयाचा. शेजारचा हिरवा तुकडा आगीला आपणच अडवितो. त्याची पाळी मागाहून. आग एका बिंदूपासून लावितात. ती ठेंगण्या ज्वाळांनीं हळूहळू पसरते, माणसें तिच्या सोबतीनें चालतात, आणि सरडे, किडे, लहान जनावरें यांना पळावयास अवधि मिळतो. झाडांचे शेंडे करपूं द्यावयाचे नाहींत, हा कडक दंडक आहे. सायंकाळचा गारवा व रात्रीचें दंव आग मंदावितें. तथापि धुमसणारे ओंडके पाहिल्यावांचून काम संपलें असें मानीत नाहींत.

माणसें हललीं कीं ही विद्या निराधार होते. उत्तरेकडील अर्नहेम लँडच्या पठारावरून विसाव्या शतकांत मूलनिवासी मिशनांत व गांवांत गेले, आणि कोरड्या ऋतूच्या अखेरचे प्रचंड वणवे त्या ओस प्रदेशांत माजूं लागले. बर्डायल नाजामरेक हे चित्रकार व त्यांच्यासारखे वृद्ध आपल्या भूमीवर परतले; शास्त्रज्ञांच्या साहाय्यानें ऋतूच्या आरंभीं जाळण्याचा क्रम पुन्हां सुरू झाला. २००६ मध्यें डार्विन येथील वायूच्या कारखान्याशीं करार होऊन सुमारें २८,००० चौरस किलोमीटरांवर या कामास पैसाहि मिळूं लागला. आतां पायीं चालणाऱ्यांच्या जोडीला हेलिकॉप्टरें आलीं आहेत.

दक्षिणेंत मात्र जाग उशिरा आली. २०१९-२० च्या वणव्यांत ३३ माणसें प्रत्यक्ष आगीनें दगावलीं व ३,००० हून अधिक घरें जळालीं. त्यानंतरच्या राजनियुक्त आयोगानें सरकारांना मूलनिवाश्यांबरोबर काम करण्याची शिफारस केली. दुष्काळ व वाढतें तापमान यांपुढें एकटी ही विद्या पुरेशी आहे, असें कोणी म्हणणार नाहीं. पण माझी चिंता वेगळी आहे. सरकारी खातें ही रीत शिकून घेईल, आणि रीत ज्यांची ते पुन्हां प्रेक्षकच राहतील. ‘ही जमीन कोणाचीच नव्हती’ हा सिद्धांत तेथील सर्वोच्च न्यायपीठानें १९९२ मध्यें माबो खटल्यांत मोडून काढिला. तो खरोखर मोडला असेल, तर केव्हां जाळावें व काय राखावें हें ठरविण्याचा अधिकारहि त्याच माणसांकडे परत गेला पाहिजे. त्यांच्या हातचा विस्तव विझविला गेला तेव्हां तोच अधिकार प्रथम हिरावला गेला होता.