तेलात माखलेले पेंग्विन

समुद्रात तेल सांडले की पहिला बळी जलपक्ष्यांचा जातो. पिसे चिकटतात, थंड पाणी थेट कातडीला भिडते आणि चोचीने पिसे साफ करताना विष पोटात जाते. १९६७ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉलजवळ ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले. त्या वेळी गोळा केलेल्या हजारो पक्ष्यांपैकी फारच थोडे जगले. दया होती, शास्त्र नव्हते.

ते शास्त्र पुढे अनुभवातून घडत गेले. २३ जून २००० रोजी केपटाऊनजवळ ‘ट्रेझर’ हे लोहखनिजवाहू जहाज बुडाले आणि सुमारे १९,००० आफ्रिकी पेंग्विन तेलाने माखले. १९६८ साली स्थापन झालेल्या ‘सॅनकॉब’ संस्थेच्या मदतीस हजारो स्वयंसेवक धावले. पक्ष्याला आधी पाणी व अन्न देऊन सावरावयाचे, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवावयाचे आणि पिसांतून पाणी झिरपेनासे झाले म्हणजेच सोडावयाचे, असा क्रम होता. न माखलेले सुमारे १९,५०० पेंग्विन तर शेकडो किलोमीटर दूर, तेव्हाच्या पोर्ट एलिझाबेथजवळ, नेऊन सोडले. ते पोहत घरी परतेपर्यंत तेल पुष्कळसे निवळले होते. माखलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पक्षी वाचले.

तरीही २०२४ मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. त्याचे एक प्रमुख कारण आहे मासळीची टंचाई. धुतलेला पक्षी सोडावयाचा, तर त्याचे पोट भरेल असा समुद्रही राखावयास हवा; केपटाऊनच्या त्या पराक्रमाचे चीज त्यावरच अवलंबून आहे.