आरकाटी, गिरमिट आणि नोकरीची जाहिरात



नोकरीचें आमिष दाखवून माणसाला फसविण्याची कला आजची नव्हे. आज ती मोबाइलच्या पडद्यावर छापील अक्षरांत दिसते. शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं ती तीर्थक्षेत्रांच्या घाटांवर, बाजारांत आणि रेल्वेच्या स्टेशनांवर गोड बोलत फिरत असे. हा धंदा करणाऱ्या माणसाला उत्तर हिंदुस्थानांत 'आरकाटी' म्हणत. खोटी जाहिरात ओळखावयाची असेल, तर या आरकाट्याची रीत एकदां समजून घ्यावी.

१८३४ सालीं ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी कायद्यानें बंद ठरली आणि तेथील ऊंसाच्या मळेवाल्यांना मजुरांची चणचण भासूं लागली. ती भागविण्यासाठीं हिंदुस्थानांतून करारानें बांधलेले मजूर नेण्याची पद्धत पडली. मॉरिशस, त्रिनिदाद, नाताळ, डच लोकांचें सुरिनाम आणि १८७९ पासून फिजी, अशा दूरदूरच्या मुलुखांत दहा लाखांहून अधिक माणसें जहाजांनीं गेलीं. मुंबई बंदरांतून कोंकणची मराठी माणसेंही मॉरिशसला गेलीं. त्यांच्या वंशजांनीं तेथें मराठी अद्याप जतन केली आहे. या करारास मजूर 'गिरमिट' म्हणत. 'अग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचाच तो अपभ्रंश होय.

आरकाट्यास माणशीं दलाली मिळे. सबब माणूस डेपोंत दाखल झाला कीं त्याचें काम संपलें. पुढें त्या माणसाचें काय होईल, याच्याशीं त्याला कर्तव्य नसे. सुरिनामला तो 'श्रीराम टापू' म्हणे आणि त्रिनिदादला 'चिनीदाद', म्हणजे साखरेचा देश. तोताराम सनाढ्य नांवाचा तरुण १८९३ सालीं प्रयागेस अशाच एकाच्या हातीं लागून फिजीस गेला. एकवीस वर्षांनीं परतल्यावर १९१४ सालीं त्याची हकीकत हिंदींत पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. साहेब विचारील त्यास 'होय' म्हणा, एवढेंच मजुरांना पढविलें होतें, आणि दीडशेंहून अधिक जणांची नोंद मॅजिस्ट्रेटपुढें अवघ्या कांहीं मिनिटांत उरकली, असें त्यानें सांगितलें आहे.

परंतु ध्यानांत घेण्याजोगी खरी गोष्ट निराळीच आहे. फिजीच्या करारपत्रांत पुरुषास रोज एक शिलिंग, म्हणजे बारा आणे, आणि स्त्रीस नऊ आणे मजुरी लिहिलेली असे. हा आकडा खोटा नव्हता! मात्र एका दिवसाचें काम म्हणजे किती काम, हें मळ्यावरील अधिकारी ठरवी, आणि तें पुरें न झाल्यास पुरा रोज पदरांत पडत नसे. शिवाय कामांत कसूर झाल्यास तो फौजदारी गुन्हा ठरून दंड अथवा तुरुंग भोगावा लागे. ही गोष्ट तर त्या कागदावर मुळींच नव्हती. फसवणूक लिहिलेल्या शब्दांत थोडी होती, न लिहिलेल्या शब्दांत फार होती.

४ मार्च १९१२ रोजीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत ही पद्धत बंद करण्याचा ठराव आणला, आणि शिक्षेची अट मजुरांना सांगितलीच जात नाहीं, या वर्मावर नेमकें बोट ठेविलें. सरकारी बहुमतानें ठराव फेटाळला गेला. पुढें १९१६ सालीं पंडित मदनमोहन मालवीय यांचा तशाच आशयाचा ठराव सरकारला मान्य करावा लागला, आणि १९१७ सालीं भरती थांबली.

भरती थांबली, रीत मात्र उरली. अलीकडे थायलंडांत संगणकावरील चांगली नोकरी आहे, असें सांगून आपल्या देशांतील कित्येक तरुणांना म्यानमारच्या सरहद्दीवरील छावण्यांत नेण्यांत आलें आणि इतरांना फसविण्याच्या कामास जुंपण्यांत आलें. मार्च २०२५ मध्यें अशा पांचशेंहून अधिक भारतीयांना सरकारनें विमानांनीं परत आणलें.

म्हणून जाहिरात हातीं आली कीं पगाराचा आकडा शेवटीं वाचावा. प्रथम पाहावें कीं पैसा कोण कोणास देतो. नोकरी लागण्यापूर्वींच नोंदणी, शिक्षण किंवा अनामत या नांवाखालीं रक्कम मागणारा मालक नव्हे, दलाल होय. दुसरें, जाहिरातींत मोठ्या कंपनीचें नांव असल्यास जाहिरातींतल्याच पत्त्यावर चौकशी करूं नये; कंपनीच्या मूळ कचेरीस स्वतंत्रपणें विचारावें. परदेशची नोकरी असेल, तर १९८३ च्या कायद्यानें भरती करणाऱ्यांस सरकारी नोंदणी सक्तीची केली. तो नोंदणी क्रमांक सरकारी यादींत पडताळून घ्यावा. आणि तिसरें, जें लिहिलें नाहीं तें विचारावें: काम नेमकें कोणतें, तास किती, पासपोर्ट कोणाच्या ताब्यांत राहणार, आणि काम सोडावेंसें वाटल्यास काय होईल?

या प्रश्नांना कोणी 'आजच सही करा, उद्यां जागा जाईल' असें उत्तर दिलें, तर आरकाटी ओळखला असें समजावें. तो कागद घरीं आणावा, चार जाणत्या माणसांना दाखवावा आणि एक रात्र जाऊं द्यावी. डेपोंत कोंडलेल्या गिरमिट्याला ती एक रात्र कोणी दिली नाहीं. आपणांस ती घेतां येते.